गावच्या घराचं अर्थिंग मे महिन्यातच तपासून घ्या

आमच्या विहिरीवरच्या पंपाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. हात ओला असेल म्हणून दोन वर्षं आम्ही चपला घालून पंप चालू करत होतो. शेवटी वायरमनने अर्थिंगच्या, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीच्या, खड्ड्यावरची फरशी उचलली. पाइपाला पट्टी आवळणाऱ्या नटावर पान्हा लावला, तर गंजाचे पापुद्रेच हातात आले. पट्टी पाइपाला नुसती टेकलेली होती.

खारा वारा लोखंड खातो आणि जांभ्यात पाणी टिकत नाही. म्हणून आंबे काढायला गावी गेलात की हे काम उरका. गणपतीत जमीन ओली असते, तेव्हा अर्थिंग मोजलं तर आकडा चांगलाच येतो. खरी परीक्षा कोरड्या जमिनीत होते.

आधी मेन स्विच बंद करा. खड्डा उघडून पट्टी, नट, पाइप नुसते डोळ्यांनी बघा. गंज असेल तर वायरमनला बोलवा आणि अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंग मोजायचं यंत्र, घेऊनच यायला सांगा. त्याने दाखवलेला आकडा तारखेसह वहीत लिहा. उन्हाळाभर खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. नळाच्या पाइपाला किंवा न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या तारेला) अर्थ जोडून देतो असं वायरमन म्हणाला, तर काम तिथेच थांबवा. त्यात जीव जाऊ शकतो.

मग बोर्ड बघा. एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की पडणारा खटका, वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका, हवा. बरेच जण त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. मेन चालू असताना त्याचं टेस्ट बटण दाबा, खटका लगेच पडला पाहिजे. मात्र अर्थिंग तुटलेलं असलं तरी हा खटका पडतो, म्हणून खड्डा बघणं टाळू नका.

फ्रिज, गिझर, पंप यांना तीन पिनांचाच प्लग हवा. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून मोठी, म्हणजे अर्थची, पिन कापलेली दिसली, तर प्लग बदला.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायला हरकत नाही. पडवीत नवा पॉइंट काढणं, पंपाची लाइन ओढणं, वायरिंग दुरुस्त करणं ही कामं परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचीच. गावातला ओळखीचा पोरगा कितीही हुशार असला तरी आधी परवाना विचारा, त्यात संकोच नको. मीटरच्या सीलला तर कुणीच हात लावायचा नाही. तिथे काही बिघाड वाटला तर महावितरणला १९१२ वर कळवा.