चमत्कारिक बोलांच्या गाण्याचा अर्थ मिळून कसा लावावा

चमत्कारिक बोलांच्या पॉप गाण्याचा अर्थ चाहत्यांनी मिळून लावायचा असेल, तर पहिली बैठक केवळ ऐकण्यासाठी ठेवावी. इंटरनेटवर मिळणारे बोल पुष्कळदा कुणीतरी कानाने टिपलेले असतात आणि एकाची चूक पुढे अनेक ठिकाणी तशीच उतरते. म्हणून प्रत्येकाने आधी स्वतः ऐकून बोल लिहावेत, मग सर्वांचे कागद शेजारी ठेवावेत आणि जिथे दोघांनी वेगळे ऐकले असेल, तेवढीच ओळ वेग कमी करून पुन्हा ऐकावी.

त्यानंतर शब्द कुठून आला, याचा शोध घ्यावा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या महाल-इतवारीत, रोगराई घेऊन जावी म्हणून मिरवत नेलेल्या मारबतीच्या पुतळ्यापुढे उठणारी ‘घेऊन जा गे मारबत’ ही हाक ज्याने कधी ऐकलेली नाही, त्याला ती एखाद्या गाण्यात आली तर शब्दकोशातून फारसे काही हाती लागणार नाही. परमुलखातल्या गाण्यापुढे आपणही त्याच जागी असतो. २०११ साली धनुषने गायिलेले ‘कोलावेरी’ घ्या. त्यातल्या ‘सूप’ या शब्दावर नागपूरच्या सदर भागातल्या हॉटेलात बसून कितीही तर्क लढवले, तरी तमिळ तरुणांच्या बोलीत प्रेमभंग झालेल्या मुलाला तसे म्हणतात, हे त्या भाषेच्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. ते कळले, की हातातला ग्लास, डोळ्यांतले पाणी आणि मुद्दाम मोडकीतोडकी ठेवलेली इंग्रजी हे सारे एकाच दुखावलेल्या मुलाचे बोलणे आहे, हे उलगडते. नागपुरात रेल्वे आणि सरकारी नोकऱ्यांमुळे आलेली तमिळ, तेलुगू, बंगाली कुटुंबे शेजारीच राहतात. त्यांना अवश्य विचारावे. शिवाय एकाच वाक्यात मराठीतून हिंदीत जाणाऱ्या आपल्या कानाला असली सरमिसळ परकी वाटत नाही, ही आपली मोठीच जमेची बाजू आहे.

काही शब्द मात्र केवळ नादासाठी येतात. १९५७च्या ‘आशा’ चित्रपटातल्या ‘ईना मीना डीका’ची हकीकत अशी सांगतात, की सी. रामचंद्र यांच्या संगीतकक्षाबाहेर मुले खेळताना गणतीचे बोल म्हणत होती, त्यांवरून मुखडा सुचला आणि गोव्याच्या साहाय्यकाने त्यात ‘माका नाका’ घातले. कोकणीत त्याचा अर्थ ‘मला नको’ असा होतो, पण तेवढ्यावरून त्या गाण्यात नकाराची कथा शोधणे ही ओढाताण ठरेल, कारण आजूबाजूची एकही ओळ तिला आधार देत नाही. माझ्या मते लावलेल्या अर्थाला गाण्यातच आणखी किमान दोन ठिकाणी, बोलांत, चालीत किंवा ठेक्यात, पुष्टी मिळाली पाहिजे; अन्यथा तो शब्द नाद म्हणूनच मोजावा.

गीतकाराची मुलाखत जरूर वाचावी, पण ती शेवटचा निकाल मानू नये. आपल्या जुन्या शाळेत आपल्याच बीटल्स बँडच्या गाण्यांची चिकित्सा करायला लावतात, हे एका विद्यार्थ्याच्या पत्रातून कळल्यावर जॉन लेननने १९६७च्या ‘आय अ‍ॅम द वॉलरस’मध्ये मुद्दाम गोंधळात टाकणाऱ्या ओळी घातल्या. त्यातला वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी, इंग्रजी लेखक लुईस कॅरलच्या कवितेतला. कवितेत तो कालवांना, म्हणजे शिंपल्यांतल्या जिवांना, गोड बोलून नेतो आणि खाऊन टाकतो. म्हणजे तो खलपात्र आहे, हे आपल्याला गाणे लिहून झाल्यावर उमगले, असे लेननने १९८०च्या मुलाखतीत सांगितले. गाणे लिहिणाऱ्यालाच जे दिसले नव्हते, ते कविता वाचलेल्या श्रोत्याला दिसू शकते, आणि म्हणूनच हा खटाटोप मनापासून करण्याजोगा आहे.

शेवटी टिपण लिहिताना प्रत्यक्ष ऐकलेले, गीतकाराने सांगितलेले आणि आपण तर्काने जोडलेले असे तीन भाग वेगळे ठेवावेत. न उलगडलेल्या ओळी तशाच नोंदवाव्यात. मग गटाबाहेरच्या एखाद्याला गाणे ऐकवून टिपण वाचायला द्यावे आणि यातले काय गाण्यात सापडले नाही, ते त्याला विचारावे; तो दाखवील त्या वाक्यांना गाण्यातला आधार देता आला नाही, तर ती खोडावीत.