मोठ्या क्लस्टरसाठी आयपी रेंजचे नियोजन कसे करावे

कुबर्नेटिस ही अनेक संगणकांवर (नोडवर) ॲप्लिकेशन चालवणारी प्रणाली. तिचा क्लस्टर, म्हणजे नोडचा समूह, सुरू झाल्यावर पॉडची (ॲप्लिकेशन चालवणाऱ्या सर्वांत लहान एककाची) आयपी रेंज बदलणे म्हणजे बहुतेक वेळा क्लस्टर नव्याने उभारणेच होय. नागपुरात ले-आउट पाडताना रस्त्यांची जागा आधी सोडतात. इथेही मोजणी आधीच व्हावी लागते.

सर्वप्रथम कार्यालयाचे नेटवर्क, व्हीपीएन, इतर शाखा, जुने क्लस्टर आणि डॉकरची (कंटेनर चालवणाऱ्या साधनाची) १७२.१७.०.०/१६ (तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका लहान, तितकी रेंज मोठी) अशा वापरातील सर्व रेंज एका यादीत लिहाव्यात. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातील एका कामात आम्ही फ्लॅनेलची (पॉडचे नेटवर्क जोडणाऱ्या साधनाची) १०.२४४.०.०/१६ ही मूळ रेंज तशीच ठेवली आणि कार्यालयाचा बॅकअप सर्व्हर नेमका १०.२४४.१२.९ वर होता. बारा नोडपर्यंत काहीच बिघडले नाही. तेराव्या नोडला १०.२४४.१२.०/२४ हा तुकडा मिळाला आणि त्या रात्री बॅकअप बंद पडला, कारण सर्व्हरकडे निघालेली पॅकेट आता त्या नव्या नोडकडे वळत होती. दोन दिवस आम्ही सर्व्हरलाच दोष देत बसलो.

मग हिशेब करावा. एका नोडवर जास्तीत जास्त ११० पॉड, ही कुबर्नेटिसची मूळ मर्यादा. प्रत्येक नोडला सहसा २५६ पत्त्यांचा /२४ तुकडा मिळतो. दुपटीहून जास्त पत्ते ही उधळपट्टी वाटेल, पण जुने पॉड जात असतानाच नवे येतात, तेव्हा ही मोकळीक उपयोगी पडते. पुढे ८०० नोड लागणार असतील तर ५१२ तुकड्यांची /१५ अपुरी पडते. १,०२४ तुकड्यांची /१४ घ्यावी. उदाहरणार्थ, पॉडसाठी १०.६४.०.०/१४, सर्व्हिससाठी (पॉडच्या गटाला मिळणाऱ्या स्थिर पत्त्यांसाठी) १०.६८.०.०/२० आणि नोडसाठी १०.६८.१६.०/२२. जागा कमी असल्यास पॉडची मर्यादा ६४ वर आणून /२५ चे तुकडे करता येतात, मात्र दोन्ही सेटिंग एकत्रच बदलावीत. काही क्लाउडवर पॉड थेट सबनेटमधून (नेटवर्कच्या उपविभागातून) पत्ते घेतात. तिथे सबनेटच पॉडच्या संख्येनुसार मोठा ठेवावा.

शेवटी या रेंज यादीत नोंदवून कुबेॲडमच्या (क्लस्टर उभारणाऱ्या साधनाच्या) कॉन्फिगरेशनमध्ये स्पष्टपणे लिहाव्यात. सर्व्हिसची रेंज न लिहिल्यास कुबेॲडम १०.९६.०.०/१२ घेतो, म्हणजे १०.९६ पासून १०.१११ पर्यंतचा सगळा भाग.