कुत्र्याची ‘टिक फीव्हर टेस्ट’ करताय? मग या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की आमच्या लॅबच्या ट्रेमध्ये जांभळ्या झाकणाच्या ट्यूबा दाटीवाटीने उभ्या राहतात. प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवलेली, आणि बहुतेक चिठ्ठ्यांवर दोनच शब्द: ‘टिक फीव्हर’. कुत्र्याचं वय नाही, ताप कधीपासून ते नाही. औषध सुरू केलंय का, हे तर विचारूच नका.

मी जनावरांची डॉक्टर, पण गेली सोळा वर्षं पुण्यात मायक्रोस्कोपसमोरच बसते. ‘मॅडम, तुमचा रिपोर्ट चुकला’ असे फोन येतात. काही वेळा खरंच आमची चूक असते, त्यातली एक पुढे सांगणार आहे. पण बहुतेक वेळा घोळ सॅम्पल आमच्याकडे यायच्या आधीच झालेला असतो. रक्त चुकीच्या वेळी काढलेलं असतं, चुकीच्या जागेचं असतं, नाहीतर मागितलेली टेस्टच भलती असते.

‘टिक फीव्हर’ हे एका आजाराचं नाव समजणं

गोचीड एक, पण तिच्याकडून येणारे पाहुणे अनेक. बबेशिया लाल पेशीत राहतो, एर्लिकिया पांढऱ्या पेशीत. हेपॅटोझून तर गोचीड चावल्याने होतच नाही, कुत्र्याने अंग चाटता चाटता गोचीड गिळली की होतो. काटेकोर बोलायचं तर एर्लिकिया परजीवी नाही, जिवाणू आहे. पण येतो गोचिडीतूनच आणि चिठ्ठीही तीच, म्हणून त्याचाही हिशेब इथेच.

यातले दोघे तर आपल्याकडेच पहिल्यांदा सापडले. हेपॅटोझूनचं वर्णन जेम्सने 1905 साली भारतातल्या कुत्र्यांवरून केलं, आणि बबेशिया गिबसोनी पॅटनला 1910 मध्ये मद्रास हंटच्या शिकारी कुत्र्यांत दिसला. शंभर वर्षांवर ओळख आहे, तरी आपण सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. म्हणून किट (रक्ताचा थेंब टाकला की रेघ दाखवणारी तयार पट्टी) उघडण्याआधी पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. सर्रास मिळणाऱ्या चार आजारांच्या एका किटात हार्टवर्म (हृदयातला कृमी), लाइम, एर्लिकिया आणि अॅनाप्लाझ्मा असतात. बबेशिया त्यात नाहीच. त्या किटवर ‘सगळं निगेटिव्ह’ आलं म्हणून निर्धास्त झालेली आणि मग बबेशियाने लाल लघवी करणारी कुत्री मी दर पावसाळ्यात बघते.

रेघ उठली म्हणजे आजार आहे, असं धरून चालणं

हा माझा जुना राग आहे, तेव्हा जरा सविस्तर.

एक काका त्यांच्या सात वर्षांच्या लॅब्राडोरला घेऊन आले. सोबत प्लॅस्टिकची फाइल. आत प्रत्येक किटची पट्टी सेलोटेपने चिकटवून खाली पेनाने तारीख घातलेली. दोन वर्षांत चार पट्ट्या आणि चारही वेळा एर्लिकियाची रेघ. दर वेळी अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटीबायोटिक. आता पाचव्यांदा रेघ आली होती आणि काका रडकुंडीला आले होते. कुत्रं मात्र माझ्या टेबलाखाली शिरून डस्टबिन हुंगत होतं. वजन वाढलेलं, प्लेटलेट दोन लाख ऐंशी हजार, म्हणजे पुरेशा, आणि काच (म्हणजे काचपट्टीवर ओढलेला रक्ताचा पातळ थर) स्वच्छ. पीसीआर, म्हणजे रक्तातल्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट, केली, तीही निगेटिव्ह.

ती रेघ जंतूची नसते. जंतूशी लढायला शरीराने केलेल्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडीची असते. लढाई संपली तरी त्या रक्तात काही महिने, कधी कधी काही वर्षं फिरत राहतात. चोर पळाल्यावरही पोलीस गल्लीत उभे दिसावेत, तसं. ‘पण मॅडम, रेघ अजून गडद आहे हो,’ काका म्हणाले. रेघेच्या गडदपणावरून आजार किती आहे ते कळत नाही.

काका बँकेतून निवृत्त झालेले, म्हणून बाकीचं आकड्यांतच समजावलं. समजा, एखादं किट 100 आजारी कुत्र्यांपैकी 95 पकडतं आणि 100 निरोगींपैकी 95 ना निरोगीच म्हणतं. झकास किट. आता दिसायला ठणठणीत अशी 1000 कुत्री घेतली आणि त्यात खरी आजारी 20 असली, तर किट 19 पकडेल. पण उरलेल्या 980 निरोगींपैकी 49 जणांवरही रेघ उठवेल. एकूण रेघा 68, खऱ्या त्यातल्या 19. काकांनी पाकिटाच्या मागे आकडेमोड केली, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘म्हणजे चारातला एकच म्हणायचा की!’ तेच किट ताप आलेल्या, गोचिडींनी भरलेल्या कुत्र्यांवर वापरा. 1000 मध्ये निम्मी आजारी असली तर 500 रेघांपैकी 475 खऱ्या निघतील. किट बदललं नाही, कुणावर वापरलं ते बदललं. म्हणून ‘सहा महिन्यांनी चेकअप’ म्हणून धडधाकट कुत्र्यावर किट मारायची हौस मला पटत नाही.

उलटी चूकही तितकीच होते. ताप परवापासून आणि किट आज. अँटीबॉडी तयार व्हायला साधारण एक ते तीन आठवडे जातात, तेव्हा रेघ उठणार कुठून? अशा वेळी किट बाजूला ठेवा आणि रक्ताची काच बघा, प्लेटलेट बघा, पीसीआर पाठवा. दोन-तीन आठवड्यांनी किट परत केलं तर त्याला काही अर्थ.

आधी इंजेक्शन, मग रक्त

‘ताप होता, एक डोस देऊन टाकला. मग कुत्र्याचे पालक टेस्टचं म्हणाले,’ असं दवाखान्यातले डॉक्टर सांगतात. डॉक्सिसायक्लिनचे दोन-चार दिवस झाले की रक्तातले एर्लिकिया इतके कमी होतात की पीसीआर निगेटिव्ह येऊ शकते. मग ‘निगेटिव्ह आहे’ म्हणून गोळ्या बंद आणि महिन्याभरात कुत्रं नाकातून रक्त वाहत परत. आणि औषध न देताही, आजार जुना झाला की जंतू प्लीहेत दडून बसतात, हातापायातून काढलेल्या रक्तात सापडतीलच असं नाही. त्यामुळे एकट्या पीसीआरवरही मी शपथ घेत नाही.

माझा नियम सोपा आहे. पहिला डोस द्यायच्या आधी एक मिली रक्त जांभळ्या ट्यूबमध्ये काढायचं, वर तारीख-वेळ घालायची आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. पाठवायचं की नाही ते उद्या ठरवा. याला दोन मिनिटं लागतात. ज्यांच्याकडे ती दोन मिनिटं नसतात, त्यांच्याकडे नंतर तासभर फोनवर वाद घालायला वेळ असतो, हेही मी पाहिलंय.

काचेवर ठिपका दिसला की ‘बबेशिया’ लिहिणं

आता माझी चूक. लॅबमधलं दुसरं वर्ष, जुलै महिना, मान वर करायला फुरसत नाही. एका मादीची काच आली. ताप, खात नाही, पाणी खूप पिते. लाल पेशींवर जांभळे ठिपकेच ठिपके. मी ऐटीत ‘बबेशिया +’ लिहून मोकळी झाले. तिला बबेशियावरचं इमिडोकार्बचं इंजेक्शन मिळालं. ते औषध लाळ गाळायला लावतं, उलट्या करवतं, तसं तिने रात्रभर केलं. ताप मात्र जागचा हलला नाही.

चौथ्या दिवशी सोनोग्राफीत गर्भाशयात पू निघाला. ऑपरेशन झालं, वाचली. आमच्या सरांनी ती काच परत मागवली, लेन्सखाली ठेवली आणि मला बाजूला बसवून फोकसची बारीक चकती हळूहळू वर-खाली फिरवायला लावली. पेशी स्पष्ट झाली की ठिपके धूसर, ठिपके स्पष्ट झाले की पेशी धूसर. शिवाय ते चकाकत होते. सर एवढंच म्हणाले, ‘हे कुत्रीच्या रक्तातलं नाही, तुझ्या बाटलीतलं आहे.’ स्टेनचा, म्हणजे पेशी रंगवायच्या रंगाचा, गाळ होता तो. बाटली कित्येक दिवस गाळलेली नव्हती.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी स्टेन गाळायचा. जिम्सा या स्टेनसाठी नळाचं पाणी वापरायचं नाही, 7.2 पीएचचं बफर वापरायचं. काच पक्की करायच्या मिथेनॉलची बाटली उघडी ठेवायची नाही, पावसाळी हवेतलं पाणी ते ओढून घेतं आणि मग पेशींवर जे बुडबुडे दिसतात त्यांनाही लोक जंतू समजतात. पेशीवर बसलेली प्लेटलेट हाही नेहमीचाच ठग. तिच्याभोवती बहुधा फिकट कडं दिसतं.

शिवाय नुसतं ‘बबेशिया’ लिहून भागत नाही, जातही लिहावी लागते. कुत्र्याची लाल पेशी साधारण 7 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिच्यात एक ते तीन मायक्रॉनची चिमुकली अंगठी दिसली तर गिबसोनी, पेरूसारखे टपोरे, जोडीने बसलेले दिसले तर व्होगेली ही दुसरी जात. इमिडोकार्बने व्होगेली जातो, गिबसोनीचा नायनाट होत नाही. त्याला अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन दहा दिवस द्यावं लागतं, आणि ते महाग आहे. नाव अर्धवट लिहिलं की पैसे पालकाचे जातात.

रक्त कुठलं, यावरही बरंच ठरतं. बबेशियाने भरलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकतात. म्हणून काच करायची तर कानाच्या कडेला टोचून आलेल्या पहिल्या थेंबाची करावी. पायाच्या शिरेतल्या रक्तात हुकलेला जंतू कानाच्या थेंबात सापडल्याचं मी कितीदा पाहिलंय. काच ओढणं म्हणजे भाकरीवर चटणी फासणं नव्हे. टोकाला पिसासारखी विरळ कडा आली पाहिजे. नव्या मुलांना मी पन्नास काचा ओढायला लावते. विसाव्या काचेला कंटाळतात, आणि चाळिसाव्याला हात बसतो. जुन्या गिबसोनीत मात्र जंतू इतके थोडे असतात की उत्तम काचही निगेटिव्ह येते, तिथे पीसीआरच हवी. उपचारानंतरही साठ आणि नव्वद दिवसांनी अशा दोन पीसीआर निगेटिव्ह आल्याशिवाय ‘बरा झाला’ म्हणू नये.

बाकीच्या, पटापट

मशीनने प्लेटलेट 40 हजार दाखवल्या म्हणून लगेच गोचीडताप ठरवू नका. रक्त काढायला वेळ लागला की प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन ते मोजत नाही. काचेची कडा बघा, पुंजके असले तर तिथे दिसतात.

काचेवर मायक्रोफायलेरिया (कृमीचं रक्तात फिरणारं पिल्लू) वळवळतोय आणि हार्टवर्मचं किट निगेटिव्ह, यात भांडण नाही. किट फक्त इमिटिसची, म्हणजे खऱ्या हार्टवर्मची, मोठी मादी ओळखतं. रेपेन्स किंवा अॅकॅन्थोकायलोनेमा हे त्याचे भाऊबंद असतील तर रेघ सहसा येत नाही.

डोळा अचानक निळसर-पांढरा, तोंडावर सूज, ताप येतो-जातो? सर्रा, म्हणजे ट्रिपॅनोसोमा या रक्तातल्या परजीवीचा आजार, मनात ठेवा. ट्रिपॅनोसोमा रक्तात लाटेसारखा येतो, एका दिवसाच्या निगेटिव्ह काचेवर विसंबू नका.

खरजेचा किडा खरवडीत बऱ्याचदा सापडत नाही, म्हणून निगेटिव्ह खरवडीवर खरूज नाकारू नका. डेमोडेक्सला (केसांच्या मुळाशी राहणाऱ्या किड्याला) मात्र कातडी चिमटीत दाबून, बारीक रक्त येईपर्यंत खरवडावं लागतं. वरवर खरवडलंत तर कोंडाच मिळेल.

शी तपासताना

‘शीमध्ये जंत दिसत नाहीत’ हे वाक्य मला रोज ऐकू येतं. हुकवर्म आतड्यालाच चिकटून राहतो, शीमध्ये सहसा दिसत नाही. त्याची अंडीही शरीरात शिरल्यापासून दोन-तीन आठवड्यांनी पडायला लागतात. आईच्या दुधातून हुकवर्म मिळालेलं पिल्लू पांढऱ्या हिरड्या घेऊन अंडी दिसायच्या आत मरू शकतं. तिथे शीच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं.

शी ताजी हवी. लॉनवर दोन दिवस पडलेली उचलून आणलीत तर हुकवर्मची अंडी फुटून अळ्या झालेल्या असतात, मातीतले कृमी त्यात मिसळतात आणि कोणाची अळी कोणती हे ठरवताना माझा दिवस जातो. एका फार्महाउसच्या कुत्र्यात भरपूर कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) निघाले म्हणून चार दिवस औषध चाललं होतं. ते शेळीचे होते, पठ्ठ्या लेंड्या खात होता. जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी शीतून रोज पडत नाही, म्हणून चार-पाच दिवसांत तीन वेगवेगळी सॅम्पलं द्या. तो तरंगवून शोधायला झिंक सल्फेटचं पाणी लागतं, साखरेच्या दाट पाकात त्याच्या गाठी (सिस्ट) पिचून जातात. आणि शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो दाणाच डबीत घालून आणा. पट्टकृमीची अंडी त्या दाण्यात बंद असतात, तरंगवून सहसा मिळत नाहीत.

पाठवताना

रक्ताची ट्यूब बर्फाच्या पाकिटाला थेट टेकवू नका, मध्ये कागद घाला, नाहीतर पेशी फुटतात. काचा फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्या की दव धरतात. फॉर्मेलिनची बरणी काचांच्या खोक्यात तर अजिबात नको, नुसत्या वाफेनेही स्टेन बिघडतो. आणि वाळलेली काच ओट्यावर उघडी टाकून जेवायला जाऊ नका. मागच्या पावसाळ्यात एका दवाखान्यातून आलेल्या काचेवर पेशी कमी आणि मुंग्यांनी कुरतडलेली भोकं जास्त होती.