नवीकरणीय ऊर्जास्रोतांचा अभ्यास कसा करावा: माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

नवीकरणीय ऊर्जेची ओळख बहुतेक वेळा सौर, पवन, जल, जैव, भूऔष्णिक आणि सागरी ही नावे पाठ करण्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. नावे हवीतच, पण विषय समजायचा असेल तर प्रत्येक स्रोताबाबत तीन प्रश्न वहीत लिहून घ्यावेत: ही ऊर्जा मुळात कोठून येते, कोणकोणत्या टप्प्यांनी तिचे विजेत रूपांतर होते, आणि ती किती व केव्हा मिळते. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून पुढील विवेचनात आकडेमोडीला मुद्दाम झुकते माप दिले आहे.

आकडेमोडीपूर्वी शक्ती आणि ऊर्जा यांतील फरक पक्का करावा. शक्ती वॅट किंवा किलोवॅटमध्ये मोजतात आणि ती ऊर्जा वापरण्याचा वा निर्माण करण्याचा दर सांगते; एक किलोवॅट शक्तीचे उपकरण एक तास चालले की खर्च होणारी ऊर्जा म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात वीजबिलातील एक युनिट. एका युनिटमध्ये 36 लाख जूल असतात. ‘अमुक मेगावॅट वीज निर्माण झाली’ असे वाक्य वाचनात आले, तर ती क्षमता आहे की प्रत्यक्ष निर्मिती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना स्रोतांची विभागणी आपोआप होते. सूर्याच्या उष्णतेमुळे हवेचे तापमान ठिकठिकाणी वेगवेगळे राहते व वारे वाहतात, त्याच उष्णतेने पाण्याची वाफ होऊन पाऊस पडतो, आणि वनस्पती वाढतात त्याही सूर्यप्रकाशावर. त्यामुळे पवन, जल व जैव ऊर्जा ही सौर ऊर्जेचीच रूपे ठरतात. भूऔष्णिक ऊर्जा मात्र पृथ्वीच्या निर्मितीपासून उरलेल्या उष्णतेतून आणि तिच्या पोटातील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासातून मिळते, तर भरती-ओहोटीची ऊर्जा प्रामुख्याने चंद्राच्या व काही अंशी सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे उपलब्ध होते.

सौरघट शाळेच्या प्रयोगशाळेतही हाताळता येतो, म्हणून सखोल अभ्यासाची सुरुवात त्याच्यापासून करावी. प्रकाशामुळे विद्युत परिणाम घडतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांनी 1839 मध्ये दाखवले. वापरण्याजोगा सिलिकॉन घट मात्र 1954 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला आणि त्याची कार्यक्षमता सुमारे 6 टक्के होती. आजची प्रचलित पॅनेले साधारण 20 टक्के किंवा थोडी अधिक कार्यक्षमता देतात. स्वच्छ दुपारी एक चौरस मीटर पृष्ठभागावर लंबरूप पडणारी शक्ती सुमारे 1000 वॅट धरली, तर तेवढ्या पॅनेलमधून 200 वॅटच्या आसपास वीज मिळते.

प्रयोगासाठी पाच-सहा व्होल्टचे छोटे पॅनेल, मल्टिमीटर आणि कोनमापक पुरेसे आहे. मीटरची विद्युतधारेची मर्यादा पॅनेलवर छापलेल्या धारेपेक्षा जास्त असल्याची खात्री करून तो पॅनेलच्या दोन तारांना सरळ जोडावा. प्रथम पॅनेल सूर्यकिरणांना लंब ठेवून विद्युतधारा नोंदवावी, नंतर ते थोडे थोडे कलते करत नोंदी घ्याव्यात. साठ अंश कलल्यावर धारा जवळपास निम्मी होते, कारण साठ अंशांचे कोसाइन मूल्य 0.5 असते, आकाशातून पसरून येणाऱ्या प्रकाशामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा अधिक दिसेल. मग पुठ्ठ्याच्या पट्टीने एकाच घटावर सावली पाडावी. घट एकसर जोडणीत असल्याने झाकलेला एक घट साऱ्या पॅनेलची धारा अडवतो, आणि झाडाची छोटीशी सावलीही का टाळतात हे तेव्हा खऱ्या अर्थाने कळते. हा प्रयोग केवळ लहान पॅनेलवर करावा. छतावरील जोडणीला हात लावू नये आणि सूर्याकडे थेट पाहू नये. कडक ऊन म्हणजे अधिक वीज, हा समजही इथेच तपासून घ्यावा: पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे, आणि सिलिकॉन पॅनेलची शक्ती 25 अंश सेल्सिअसच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण 0.3 ते 0.5 टक्क्याने घटते.

पवनऊर्जेत एकच सूत्र नीट उमगले तरी बरेच काही हाती येते. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला 5 मीटर असताना एक चौरस मीटर क्षेत्रातून वाहणाऱ्या हवेत सुमारे 75 वॅट शक्ती असते, तर 10 मीटर वेगाला ती 600 वॅट होते. वेग दुप्पट, शक्ती आठपट. पवनचक्क्या उंच मनोऱ्यांवर आणि निवडक जागीच का उभारतात, याचे उत्तर या घनात आहे. ही सगळी शक्ती काढून घेणे मात्र शक्य नाही, कारण हवा पात्यांमागे पूर्ण थांबली तर मागून येणाऱ्या हवेला वाटच उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी ही मर्यादा 59.3 टक्के असल्याचे दाखवले.

जलविद्युत समजण्यास स्थितिज ऊर्जेचे सूत्र पुरते. एक घनमीटर, म्हणजे 1000 किलोग्रॅम पाणी 100 मीटर खाली आले तर 9,80,000 जूल, म्हणजे जेमतेम पाव युनिटहून किंचित जास्त ऊर्जा मिळते. धरणांत एवढे पाणी का साठवावे लागते ते या हिशेबावरून दिसते; जंगल आणि वस्ती पाण्याखाली जाण्याची किंमतही याच पानावर नोंदवावी, कारण नवीकरणीय म्हणजे निर्दोष असे समीकरण नाही. जैवभाराचेही तसेच: लाकूडतोड वाढीपेक्षा वेगाने झाली तर तो स्रोत नवीकरणीय राहत नाही.

उरलेल्या दोघांसाठी एकेक ठळक उदाहरण पुरे. इटलीतील लार्देरेल्लो येथे 1904 मध्ये भूगर्भातील वाफेवर प्रथम दिवे पेटवले गेले, आणि फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखावर 1966 पासून 240 मेगावॅट क्षमतेचे भरती-ओहोटी केंद्र चालू आहे.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळावे. एक मेगावॅटचा प्रकल्प वर्षभर अखंड चालला तर 87.6 लाख युनिट देईल. सौर प्रकल्प रात्री बंद असतो, सकाळ-संध्याकाळी मंद असतो, म्हणून प्रत्यक्षात यातील साधारण 15 ते 25 टक्केच मिळतात. ही वीज साठवायची तर बॅटरी वापरता येते किंवा पाणी उंचावरील जलाशयात चढवून हवे तेव्हा खाली सोडता येते. दुसऱ्या पद्धतीत खर्च केलेल्या ऊर्जेपैकी सुमारे 70 ते 80 टक्के परत मिळते. शेवटचा अभ्यास म्हणून चोवीस तासांच्या आलेखावर एका घराची तासागणिक विजेची मागणी आणि एका सौर पॅनेलची तासागणिक निर्मिती वेगवेगळ्या रंगांत काढावी, दोन रेषांमधील तफावत युनिटमध्ये मोजावी, आणि ती भरून काढण्यास 100 मीटर उंचीवर किती घनमीटर पाणी चढवून ठेवावे लागेल ते वरील आकड्यांवरून काढावे.