स्वस्तात स्पॉटिंग स्कोप कसा घ्यायचा: पक्ष्यांसाठी आणि रेंजसाठी मिळून एकच

आधीच सांगून टाकतो, स्पॉटिंग स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने लांबचं बघायची मोठी दुर्बीण, आणि इथे शूटिंग म्हणजे रेंजवरचं, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरचं, कागदाच्या टार्गेटवरचं. शिकारीचा विषयच नाही आणि सिनेमाचाही नाही, हे दोन्ही प्रश्न मला दुकानात विचारले गेलेत म्हणून सांगतोय.

आमच्या घरात मी पक्षी बघतो आणि पुतणी पॉइंट टू टू (०.२२ इंच) रायफल शूटिंग करते. २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायची स्पर्धा) ब्राँझ आणलं तेव्हापासून घरात तिचं वजन वाढलंय, त्यामुळे स्कोप घ्यायचा म्हटल्यावर भाऊ लगेच म्हणाला की दोघांत मिळून एकच घ्या. घेतला. पण त्याआधी माझी एक भयंकर चूक करून झाली होती, ऑनलाइन एक चिमुकला मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याची दुर्बीण, मागवला होता ज्यावर तीनशे पट झूम असं छापलेलं, अडीच हजार रुपये, आणि त्यातून समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकीपण धड दिसेना. आता पोरं त्याच्याशी समुद्री चाचे खेळतात.

तर पहिली पायरी म्हणजे झूमचा आकडा बघणं बंद करा आणि एक साधा भागाकार करा. तुम्हाला जे बघायचंय ते किती लांब आहे, त्याला झूमने भागा. ४०० मीटरवरचा पक्षी ४० पटीने बघितला की तो १० मीटरवर बसल्यासारखा दिसतो. १० मीटरवरून शेकाट्याचे लाल पाय दिसतात का? दिसतात. मग ४० पुष्कळ झाले. रेंजचं गणित तर अजून सोपं आहे. ५० मीटरवर पॉइंट टू टूची गोळी कागदाला साधारण ५.६ मिलीमीटरचं भोक पाडते, रायफलच्या टार्गेटवर दहाचं रिंगण असतं १०.४ मिलीमीटरचं, आणि २० पटीने बघितलं की तोच कागद अडीच मीटरवर भिंतीला लावल्यासारखा. २० ते ३० पट पुरे. १० मीटर एअर रायफलवाल्यांनी तर स्कोप घेऊच नये, तिथे कागद पुलीवरून ओढून हातात येतो, इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर स्कोर समोरच्या स्क्रीनवर दिसतो. आणि खरंच ५०-६० मीटरच्या आतलेच पक्षी बघायचे असतील, बागेतले, टेकडीवरचे, तर आठ बाय बेचाळीसची (आठ पट झूम, बेचाळीस मिलीमीटरची काच) दुर्बीण घ्या आणि हा लेख इथेच सोडा, मी रागावणार नाही.

राहिलेल्यांसाठी पुढे.

स्कोपवर २०-६०×८० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे झूमचे, शेवटचा पुढच्या काचेचा व्यास मिलीमीटरमध्ये. या काचेच्या आकड्याला झूमने भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या गोलाचा व्यास मिळतो, ८० भागिले २० म्हणजे ४ मिलीमीटर, आणि तोच स्कोप ६० वर नेला की १.३ च्या आसपास. सकाळी सातच्या उजेडात १.३ म्हणजे चित्र अंधारलेलं, वर डोळा जरा इकडेतिकडे झाला की गायब. म्हणून स्वस्त स्कोपमध्ये शेवटचा एक तृतीयांश झूम जवळजवळ शोभेचा असतो हे धरूनच चाला. एसव्हीबोनीचा एसव्ही-२८ बरेच जण घेतात, २५-७५×७०, पण ७५ वर त्याचा गोल एक मिलीमीटरपेक्षाही कमी होतो, म्हणजे प्रत्यक्षात तो ५० पर्यंतचा स्कोप समजून घ्यायचा आणि तसा समजला तर पैसे वसूल आहेत. सेलेस्ट्रॉनचा अल्टिमा ८० म्हणजे २०-६०×८०, उजेड चांगला, पण दीड किलोच्या पुढचं धूड आहे, गाडीतून उतरून शंभर पावलं चालायचं असेल तर ठीक. उलट टोकाला कोवाचा टीएसएन-५०१, २०-४०×५०, वजन अर्ध्या किलोच्या आत, झूम कमी पण त्या ४० पर्यंत तो वापरता येतो. मला विचाराल तर चाळीशी ओलांडलेल्या, पाठ दुखणाऱ्या माणसाने ६० किंवा ६५ मिलीमीटरच्या आसपास थांबावं. भाव लिहीत नाही कारण सेल लागला की सगळंच बदलतं.

दुसरी गोष्ट, सरळ की वाकडा. म्हणजे डोळ्याकडची नळी स्कोपच्या रेषेतच आहे की ४५ अंशात वर वळलेली. नवीन माणसाला सरळवाला सोपा वाटतो कारण बंदुकीसारखा नेम धरून पक्षी सापडतो, वाकड्यात पहिले आठ दिवस नुसतं पाणी आणि आकाश दिसतं. तरी वाकडाच घ्या. एक तर ट्रायपॉड कमी उंच लागतो, म्हणजे हलतो कमी. दुसरं, उंच माणूस आणि दहा वर्षांचं पोर एकाच स्कोपमधून वाकून बघू शकतात, दर वेळी पाय वरखाली करावे लागत नाहीत. तिसरं रेंजवरचं, पुतणी पोटावर झोपून मारते तेव्हा स्कोप शेजारी बुटक्या स्टँडवर असतो आणि नळी तिच्या डोळ्याजवळ वळवलेली, त्यामुळे पोझिशन न मोडता ती शॉट बघून घेते. यासाठी स्कोपच्या पोटाला फिरणारी कॉलर पाहिजे, एक स्क्रू सैल केला की सगळा स्कोप स्वतःभोवती फिरतो. फोटोत ही कॉलर नीट दिसते, नसेल तर तो मॉडेल सोडा. स्कोपऐवजी रायफलस्कोप गळ्यात मारणारे दुकानदारही भेटतात, तो बंदुकीवर बसवायचा असतो, आतमध्ये फुलीची रेष असते, तो आपल्या कामाचा नाही.

चष्मेवाल्यांनो, तुमच्यासाठी एकच आकडा महत्त्वाचा, आय रिलीफ. म्हणजे काचेपासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं. १५ मिलीमीटर किंवा जास्त हवा, आणि झूमच्या स्कोपमध्ये तो झूमसोबत बदलतो, म्हणून जाहिरातीत एकच मोठा आकडा दिला असेल तर दोन टोकांना किती ते विचारा. मला ११ नंबरचा, म्हणजे ११ मिलीमीटरवाला, एक स्कोप मित्राकडे बघायला मिळाला होता, भोकातून शेजाऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं.

काचेबद्दल थोडक्यात. प्रिझम, म्हणजे आतली उजेड वळवणारी काच, बीएके-४ या प्रकारचा असावा, कोटिंग फुली मल्टिकोटेड असं पूर्ण वाक्य असावं (नुसतं कोटेड म्हणजे फार काही नाही), आणि आत नायट्रोजन भरून वॉटरप्रूफ केलेला असावा, पावसात भिजवायला नाही तर आतून बाष्प धरू नये म्हणून. ईडी काच असेल तर पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जी जांभळी-हिरवी झालर दिसते ती कमी होते. बजेटमध्ये ईडी बसत असेल तर झूमचे वीस पट कमी घ्या पण ती घ्या. रेंजवर मात्र ईडीचा फार फरक पडत नाही, काळ्या भागातलं काळं भोक शोधणं हाच तिथला त्रास आणि तो उजेडाने सुटतो.

आता जिथे सगळे फसतात ती पायरी, ट्रायपॉड. समजा सगळे मिळून पंचवीस हजार आहेत, तर स्कोपला सोळा-सतरा आणि ट्रायपॉडला किमान सहा-सात. हसू नका. मी स्कोपला सगळे पैसे घालून मोबाइलचे व्हिडिओ काढायचा बाराशेचा ट्रायपॉड वापरला होता, भिगवणला, उजनीच्या काठावर, डिसेंबरात. समोर पट्टकादंब होते, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते राजहंस, हिमालय ओलांडून येणारे, आणि त्यातल्या एकाच्या मानेत कॉलर होती ज्यावर अक्षरं लिहिलेली असतात, ती वाचून कळवली की तो पक्षी कुठे पकडून सोडला होता ते समजतं. वाऱ्याची झुळूक आली की मान थरथरे, मी फोकसला बोट लावलं की मान थरथरे, श्वास धरून पाहिलं, शेवटी आमच्या गाइडदादांनी ट्रायपॉडला खाली मच्छीवाल्यांची दगडांची पिशवी लटकवली, पण तोवर थवा उडाला. ती अक्षरं मला अजून माहीत नाहीत. पट्टकादंब मात्र पुढच्या वर्षीही आले, तेव्हा मी जड पायांचा, फ्लुइड हेडचा ट्रायपॉड घेऊन होतो. फ्लुइड हेड म्हणजे व्हिडिओवाल्यांचं, लांब दांडीचं असतं आणि तेलात फिरल्यासारखं हळू फिरतं. फोटोवाल्यांचं बॉल हेड घेऊ नका, त्यावर स्कोप नाक खाली करून पडतो. मधला दांडा वर काढायचा नाही, पाय मात्र लांब करायचे, आणि पायांचे सगळ्यात जाड टप्पे आधी उघडायचे.

याच भिगवणचा एक मुद्दा, बोटीत स्कोप चालत नाही. ट्रायपॉड कितीही भारी असो, बोट हलते. कुंभारगावला बोटीत बसायचंच असेल तर दुर्बीण गळ्यात घाला आणि स्कोप काठावरच्या माणसाकडे ठेवा. स्कोपची मजा निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे मनोऱ्यावर किंवा काठावर उभं राहून बघता येतं. पाणी लांब असतं, त्यात तलवार बदक आणि थापट्या एकत्र पोहत असतात, दुर्बिणीत सगळी बदकंच, स्कोपमध्ये थापट्याची ती फावड्यासारखी चोच दिसते आणि अंधाऱ्या खोलीत दिवा लागल्यासारखं होतं. फ्लेमिंगोंचं, म्हणजे रोहितांचंही तसंच, लहान रोहितची चोच गडद असते, मोठ्याची गुलाबी आणि टोक काळं. हे ३०० मीटरवरून ठामपणे सांगायला स्कोपच लागतो.

आता घेतला, बॉक्स आला. परत करायचे सात-दहा दिवस असतात, त्यातला पहिला दिवस वाया घालवू नका. गच्चीच्या एका टोकाला वर्तमानपत्राचं पान सेलोटेपने लावा, छोट्या जाहिरातींचं, वधू-वरवालं सगळ्यात बारीक असतं. दुसऱ्या टोकापासून, २५-३० मीटरवरून बघा. मधलं वाचता येतंय का, मग तेच अक्षर चित्राच्या कडेला नेऊन बघा, कडेला थोडं पुसट चालतं, पण मधलंच पुसट असेल तर परत. मग सगळ्यात कमी झूमवर फोकस करून झूम वाढवत न्या, थोडा फोकस हलणार, पण पार हरवायला नको. नंतर स्कोप हातभर लांब धरून डोळ्याकडच्या काचेत बघा, उजेडाचा छोटा गोल दिसेल, तो गोलच असला पाहिजे, कडा छाटल्यासारखा चौकोनी दिसला तर आतला प्रिझम हलक्या प्रतीचा आहे. पुढच्या काचेतून टॉर्च मारून आत धूळ, बोटाचे ठसे, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते बघा, सेकंडहँड घेताना तर हे आधी करा, कारण समुद्राजवळच्या घरात आठ-दहा पावसाळे बंद पिशवीत पडलेला स्कोप बाहेरून चकाचक आणि आतून बाद असू शकतो. रात्री एखादा तारा बघा, फोकस नीट लावल्यावर तो टिंबासारखा यायला हवा, शेपटी फुटत असेल तर आतल्या काचा हललेल्या आहेत.

दुपारी बारा वाजता टेस्ट करून विक्रेत्याला शिव्या देऊ नका. तापलेल्या जमिनीवरची हवा उकळते, आणि स्कोप ती हवापण ४० पट मोठी करून दाखवतो. उजनीच्या काठावर अकरानंतर ६० पटीने बघितलं तर बगळे खिरीत बुडाल्यासारखे दिसतात, लाखाच्या स्कोपमधूनही. तेव्हा झूम २०-२५ वर आणा किंवा चहाला जा. रेंजवरच्या पोरांना याचा उलटा उपयोग आहे, पुतणीचे सर तिला स्कोपमधून ती लहरणारी हवा कोणत्या बाजूला वाहतेय ते बघायला लावतात, वारा कळतो.

परदेशातले भाऊ-वहिनी येताना स्कोप आणतील म्हणून थांबणाऱ्यांना एवढंच की वॉरंटी इथे चालते का ते आधी लेखी विचारून घ्या. नाहीतर बिघडला की तो पुन्हा सुटकेसमधून परत जाणार.

आणि ठेवायचा कसा, तर आमच्याकडे पोह्यांचा जुना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आहे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून जून ते सप्टेंबर तो आत असतो. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, बदलल्या की तव्यावर मंद आचेवर वाळवायच्या. काच रुमालाने, पदराने, बनियनने पुसायची नाही, आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवायची मग मायक्रोफायबर. पुतणी रेंजवरून आणते तेव्हा त्यावर बारीक काळी काजळी असते, ती मी उडवतो, मी तळ्यावरून आणतो तेव्हा ट्रायपॉडच्या पायांना चिखल असतो, तो ती धुते. सूर्याकडे मात्र स्कोप वळवायचा नाही, सूर्योदयाचा फोटोपण नाही, आमच्याकडे धाकट्याला हे सांगायला चिठ्ठी लिहून झाकणावर चिकटवली आहे.