एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळाला आईचं दूध पोचवताना

बायकोचं सिझेरियन सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात, बाळ मात्र सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत. रोज चार फेऱ्या, त्यात एप्रिल. पहिल्या दिवशी बाटलीवरची वेळ घामानं पुसली गेली आणि नर्सताईंनी दूध परत पाठवलं. बायको रडली. त्यानंतर हे जमलं:

१. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक चमचा-दोन चमचेच निघतो, बाटलीत घातला तर निम्मा काचेलाच चिकटतो. उकळून घेतलेल्या छोट्या वाटीत काढा, तिथूनच सुई नसलेल्या नव्या सिरिंजमध्ये ओढा, टोपण लावा.

२. नाव, तारीख, वेळ आधीच कागदी मेडिकल टेपवर बॉलपेननं लिहून चिकटवा. ओल्या बाटलीवर काही टिकत नाही. शाईचं पेन तर नकोच.

३. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गोठवलेला आईस पॅक, त्याला लागून बाटली उभी. सुटा बर्फ नको. वितळलेलं पाणी झाकणातून आत शिरतं. थर्मासभोवती आपला सोलापुरी टॉवेल गुंडाळायचा (घरात डझनभर असतातच). स्कूटरच्या डिकीत मात्र ठेवू नका, ती तापते. मांडीवरच बरा.

४. जुन्या थंड दुधात ताजं कोमट दूध ओतू नका. वेगळी बाटली, वेगळी वेळ.

बाहेर २५ अंशांपर्यंत दूध चार तास टिकतं असं म्हणतात, पण आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तो हिशोब धरू नका. किती तासांपर्यंतचं दूध घेतात ते नर्सताईंनाच विचारा. आणि मायक्रोवेव्हमध्ये कधीच गरम करू नका.