संगणक सोयीचा करून घेताना: आधी अक्षर, मग लिपी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका नातेवाइकांच्या कचेरीतला संगणक मार्गी लावण्यात मी उन्हाळ्यातल्या दोन दुपारी घालवल्या. यंत्र चांगले होते आणि त्यावर विंडोज ११ होते. तरीही हिशेब पाहणारे काका पडद्याला नाक लावून बिल वाचत, मराठी पत्ता हवा असला की तो मोबाइलवर लिहून स्वतःलाच पाठवत, आणि सकाळी संगणक सुरू करून तो तयार होईपर्यंत चहा पिऊन येत. घरात नवे यंत्र घेण्याचे घाटत होते, पण प्रत्यक्षात बदलायच्या होत्या त्या केवळ सेटिंग्ज.

विंडोजचे बटण दाबून ठेवून ‘आय’ दाबले की सेटिंग्जची खिडकी उघडते. पुढचे सर्व बदल तिथेच करायचे आहेत. विंडोज १० वर रचना थोडी वेगळी दिसेल, आणि त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारी अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

सुरुवात डोळ्यांपासून करावी. अक्षर लहान वाटले की अनेक जण रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, कमी करतात आणि तिथेच चूक होते. पडद्याचे मूळ ठिपके जितके असतात त्याहून कमी संख्या निवडली की अक्षर मोठे होते खरे, पण कडा विरघळल्यासारखी पुसट होऊन डोळे अधिकच शिणतात. म्हणून ‘सिस्टिम’मधील ‘डिस्प्ले’मध्ये जाऊन रिझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेला पर्याय तसाच ठेवावा आणि त्याच पानावरचे ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. यामुळे अक्षरांबरोबर बटणे आणि चिन्हेही वाढतात. केवळ अक्षरेच वाढवायची असतील तर ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ‘टेक्स्ट साइज’ आहे. तिथे २२५ टक्क्यांपर्यंत जाता येते. हिशेबाच्या जुन्या प्रोग्रामांना हा दुसरा बदल पुष्कळदा लागू पडत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी स्केलवरच भिस्त ठेवावी आणि बदल केल्यावर एकदा साइन आउट करून पुन्हा आत यावे. माउसचा बाणही ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्येच मोठा व रंगीत करता येतो. काकांनी पिवळा निवडला.

आता लिपी. सोलापुरात हा प्रश्न अन्य गावांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण एकाच पेढीवर मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांतून व्यवहार चालतो आणि बिल मात्र इंग्रजीत निघते. ‘टाइम अँड लँग्वेज’मधील ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये ‘ॲड अ लँग्वेज’ दाबून मराठी निवडावी, नंतर त्या भाषेच्या पर्यायांत जाऊन कीबोर्ड जोडावा. खिडक्यांवरची व मेनूमधली भाषा मराठी करण्याचा मोह मात्र आवरावा, असे माझे मत आहे. अडचण आली की फोनवरून मार्ग सांगणारा माणूस इंग्रजी नावेच सांगतो. शिवाय ज्या यंत्रांवर विंडोजची ‘सिंगल लँग्वेज’ आवृत्ती असते, त्यांवर मेनूची भाषा सहज बदलत नाही. कीबोर्डला ती अट नाही. तो कितीही भाषांचा जोडता येतो.

कीबोर्ड निवडताना दोन मार्ग समोर येतात. ‘फोनेटिक’ कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे शब्द लिहिला की देवनागरी पर्याय सुचवले जातात. मोबाइलची सवय असलेल्याला हा पहिल्याच दिवशी जमतो. दुसरा ‘इनस्क्रिप्ट’. तो शिकायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पण ज्याला एकाहून अधिक भारतीय लिपी लिहायच्या आहेत त्याने तोच शिकावा, असा माझा आग्रह आहे. त्याची मांडणी वर्णमालेच्या तर्कावर बेतलेली असून मात्रा व स्वर डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे येतात. आणि सर्वांत मोठी सोय अशी, की ‘के’च्या बटणावर मराठीत ‘क’ येतो, तसाच तेलुगूतही आणि कन्नडमध्येही त्या त्या लिपीतला ‘क’च येतो. पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या, घरातला मुलगा मराठीसाठी बोटे तयार करतो तेव्हा तेलुगूसाठीही ती जवळजवळ तयार झालेली असतात. ‘सोलापूर’ लिहायचे तर एम, ए, एन, ई, एच, टी, जे ही बटणे क्रमाने दाबावीत.

एका भाषेतून दुसरीत जाण्यासाठी विंडोजचे बटण दाबून ठेवून स्पेसबार दाबावा. यातला वैताग असा, की मराठी पत्ता लिहून बिलाकडे वळले की तिथेही देवनागरीच उमटते. यावरचा उपाय ‘टायपिंग’मधील ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मध्ये आहे, प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याचा पर्याय तिथे चालू करावा. इंग्रजीसाठी ‘इंग्लिश इंडिया’ कीबोर्ड निवडल्यास उजवे ऑल्ट आणि ४ दाबून ₹ हे चिन्ह मिळते.

सकाळच्या चहाचे कारण ‘ॲप्स’मधील ‘स्टार्टअप’ या यादीत सापडले. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांपैकी सुरक्षा, आवाज आणि टचपॅड यांच्याशी संबंधित ठेवून बाकीचे बंद केले. बंद केल्याने प्रोग्राम काढला जात नाही, तो केवळ बोलावल्यावर येतो. गिऱ्हाईक समोर असताना अपडेटसाठी संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होऊ नये म्हणून ‘विंडोज अपडेट’च्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ हाताने भरावेत. कमाल १८ तासांची मुभा असल्याने पेढीचा पूर्ण दिवस त्यात मावतो.

प्रिंटरची एक खोड सांगितलीच पाहिजे. कचेरीत बिलाचा एक आणि बारकोडच्या लेबलांचा एक असे दोन प्रिंटर होते, आणि अधूनमधून बिल लेबलांच्या चिंचोळ्या पट्टीवर तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडे. दोष प्रिंटरचा नव्हता. ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’मधील ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये मुख्य प्रिंटर विंडोजने ठरवावा असा पर्याय चालू होता, आणि तो चालू असला की शेवटी वापरलेला प्रिंटरच मुख्य मानला जातो. तो बंद करून बिलाचा प्रिंटर कायमचा नेमून दिला.

राहता राहिला प्रश्न एकाच यंत्रावर बसणाऱ्या दोघांचा. काकांचे दीडपट अक्षर त्यांच्या पुतण्याला सोसवेना आणि तो रोज संध्याकाळी ते कमी करून ठेवी. यांतल्या बहुतेक सेटिंग्ज वापरणाऱ्याच्या खात्यापुरत्या असतात, म्हणून ‘अकाउंट्स’मध्ये ‘अदर युजर्स’खाली पुतण्याचे वेगळे खाते उघडले, ते साधे ‘स्टँडर्ड’ प्रकारचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य सेटिंग्ज बदलू न देणारे, ठेवले आणि प्रशासकाचा पासवर्ड काकांच्या वहीत गेला.